सहा नंबरची चरबी

गोविंदराव झरीकरांचे गुडघे कशामुळे दुखतात याबद्दल सोनपेठमध्ये दोन मतं होती. लोकांचं मत असं, की वय झालं म्हणून दुखतात. खुद्द गोविंदरावांचं मत असं, की सरकारची सेवा करून करून ते झिजले. चौतीस वर्षं खुर्चीत बसून राहिलेल्या माणसाचे गुडघे झिजले कधी, असं त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या पत्नी लीलाबाई तेवढं विचारत, आणि रोज विचारत.

अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. कागदाला टाचणी डावीकडे लावली की उजवीकडे, यावरून समोरच्याची लायकी ओळखणारा. तर हे गोविंदराव एक्सरे घेऊन सरकारी दवाखान्यात डॉक्टर नागसेनांकडे गेले. डॉक्टर तरुण, बोलायला सरळ. एक्सरे खिडकीकडे धरून ते म्हणाले, "काका, सांध्यातली कूर्चा, म्हणजे दोन हाडांमधली गादी, झिजलीय. आठ किलो वजन उतरवा. मांडीचे हे चार व्यायाम रोज करा. दुखलं तर ही गोळी. एवढं करून नाहीच भागलं तर पुढं गुडघा बदलू."

गोविंदराव बाहेर आले ते तोंड पाडून. एवढं मोठं दुखणं, आणि त्यावर व्यायाम? दुखण्याला काही इभ्रत असते की नाही? शेजारचे भुजंगराव साध्या मुतखड्यासाठी संभाजीनगरला जाऊन आले होते, आणि तिथल्या यंत्राचं वर्णन तीन वर्षं झाली तरी संपलेलं नव्हतं. गोविंदरावांच्या वाट्याला काय आलं, तर सतरंजीवर उताणं पडून पाय वर करायचा आणि दहा आकडे मोजायचे! हे काय चारचौघांत सांगण्यासारखं आहे?

सल्ल्यांचा मात्र तुटवडा नव्हता. भुजंगराव शाळेत क्रीडाशिक्षक होते, त्यामुळे शरीर या विषयावरचा शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत. त्यांनी उलटं चालायला सांगितलं. गोविंदराव गल्लीत उलटे चालले आणि दूधवाल्याच्या मोटारसायकलवर जाऊन बसले. दूधवाला त्या वेळी तीवरच होता. समोरच्या कमलबाईंनी निर्गुडीचा पाला बांधायला दिला. त्याच्या वासानं लीलाबाईंनी त्यांचं अंथरूण ओसरीवर घातलं. कुणी मेथीदाणे सांगितले, कुणी उंटिणीचं दूध. सोनपेठमध्ये उंटीण कुठून आणायची ते मात्र सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

अशात मंगल कार्यालयात शिबिर भरलं. 'नवपेशी गुडघा पुनर्निर्माण केंद्र, परभणी.' बोर्डावर एक म्हातारं जोडपं उड्या मारत होतं. शिबिराचे प्रमुख, डॉक्टर हरिओम, यांच्या नावापुढं इतकी अक्षरं होती की बोर्डावर ती तीन ओळींत बसवावी लागली होती. ती अक्षरं कशाची, हे विचारायचं गोविंदरावांच्या मनात आलं नाही. जन्मभर ज्यानं सातबाऱ्यावरची पुसट वेलांटीसुद्धा खपवून घेतली नाही, त्या माणसाच्या मनात हे आलं नाही!

डॉक्टर हरिओमांनी पडद्यावर चित्रं दाखवली. माणसाच्या पोटावरच्या चरबीत मूळपेशी असतात. स्टेम सेल, स्टेम सेल म्हणतात त्या याच. चरबी काढायची, गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालून पेशी वेगळ्या करायच्या, त्या गुडघ्यात टोचायच्या. पेशी आत जाऊन आपण कुठं आलो ते ओळखतात आणि गादी विणायला बसतात. चिरफाड नाही, बाहेरची वस्तू नाही, सगळं आपलंच.

गोविंदरावांनी स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. निवृत्तीनंतर लीलाबाईंनी ज्याला नावं ठेवली, बुशकोटाची बटणं ज्यानं तोडली, ते पोट म्हणजे खाण होती तर! नागसेन जे आठ किलो फेकून द्यायला सांगत होते, ते इथं औषध ठरत होतं. गोविंदरावांना हा विज्ञानाचा मोठेपणा वाटला.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं लीलाबाईंना समजावलं. त्या भाजी निवडत होत्या.

"म्हणजे पोटातलं काढून गुडघ्यात घालायलेत?"

"घालायलेत नाही. रोपण करायलेत."

"मग थोडं डोक्यात बी रोपण करा म्हणावं. तिथं जास्त गरज आहे."

तरीही गोविंदरावांनी रीत म्हणून नागसेनांना विचारलं. नागसेन म्हणाले, "काका, या विषयावर खरं संशोधन चालू आहे. मोठ्या रुग्णालयांत रीतसर प्रयोग होतायत, काही लोकांना आराम पडतोही. पण झिजलेली गादी पुन्हा उगवते, असं छातीठोक आज कुणी सांगू शकत नाही. आणि खऱ्या प्रयोगात पेशंटकडून फी घेत नाहीत. जो आधी फी मागतो, त्याच्यापासून लांब राहा."

गोविंदरावांनी यातून एवढाच अर्थ काढला, की पोरगा जळतोय. त्यांनी बँकेतली ठेव मोडली.

परभणीत केंद्राची इमारत बाहेरून काचेची आणि आतून प्लायवूडची होती. अकरा पानी इंग्रजी संमतिपत्रावर गोविंदरावांनी अकरा सह्या केल्या, आणि प्रत्येक सहीखाली सवयीनं तारीख टाकली. वाचलं एकही पान नाही. मग त्यांना निळा झगा घालून झोपवलं. हा झगा मागून उघडा असतो ही माहिती शिबिरात पडद्यावर दाखवलेली नव्हती. पोट बधिर करून नळी घातली. पेलाभर पिवळट चरबी निघाली. शिवकन्या नावाची मदतनीस मुलगी ती बाटली घेऊन पडद्याआड गेली, आत काहीतरी घरघरलं, आणि तासाभरानं दोन्ही गुडघ्यांत सुया गेल्या.

दोन दिवस गोविंदराव हरणासारखे चालले. तिसऱ्या दिवशी गुडघे पूर्वपदावर आले, आणि पोटावरचं काळंनिळं दुखणं वरकड मिळालं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? भुजंगराव रोज सकाळी कुंपणापाशी येऊन "काय, विणायला बसल्या का पेशी?" असं विचारत होते. ठेव मोडलेल्या माणसाला दुखायची सोय राहत नाही. पंधराव्या दिवशी केंद्रातून फोन आला, किती आराम आहे? गोविंदराव म्हणाले, साठ टक्के. पन्नास म्हणजे अर्धवट काम झाल्यासारखं वाटतं आणि सत्तर म्हटलं तर खोटं वाटतं; साठ हा आकडा सभ्य होता.

त्या साठ टक्क्यांनी त्यांना पालमच्या शिबिराला नेलं. केंद्राची जीप न्यायला दारात आली होती. भुजंगरावांनी ती पाहावी, कमलबाईंनी पाहावी, एकूण गल्लीनंच पाहावी, यासाठी गोविंदरावांनी तीत बसायला पाच मिनिटं घेतली. त्यातली तीन खरोखरच लागली. पालमला त्यांच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि पुढ्यात माईक. आयुष्यात पहिल्यांदाच माईक समोर आला होता. कचेरीत असताना साहेब बोलायचे आणि गोविंदराव मागून कागद पुरवायचे. आता ते सुटले.

"मी स्वतः सरकारी माणूस आहे," ते म्हणाले. "चौतीस वर्षं कागद तपासले. पारखल्याशिवाय मी बोलत नसतो. मला साठ टक्के आराम आहे. गोरगरिबांनी शंका घेऊ नये."

टाळ्या पडल्या. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. गोविंदरावांनी मान किंचित त्या बाजूला वळवली.

पैसे आधीच भरलेल्या दुसऱ्या डोसासाठी ते परभणीला गेले तेव्हा शेजारच्या खाटेवर एक धोतरवाला म्हातारा होता. मल्हारी त्याचं नाव. पालमजवळच्या एका खेड्यातला, मेंढरं राखणारा. अंगावर मांस कमी आणि शिरा जास्त. त्याची चरबी काढताना डॉक्टर हरिओमांना पोट, कंबर, पाठ असं फिरावं लागलं आणि शेवटी जेमतेम दोन चमचे हाती लागले. गोविंदरावांचा पेला या खेपेलाही भरला. त्यांना उगाचच मोठेपण वाटलं.

बाटल्यांना प्लास्टिकची टोकनं बांधलेली होती. इंग्रजी आकड्यांत गोविंदराव सहा नंबर, मल्हारी नऊ. मध्येच लाईट गेली. केंद्रात इन्व्हर्टर होता, पण तो डॉक्टरांच्या खोलीतल्या एसीला जोडलेला. पडद्याआडची घरघर थांबली. लाईट आली, शिवकन्या दोन सुया घेऊन आली, दोघांनाही टोचून झालं. गोविंदरावांची नजर सहज ट्रेमधल्या आपल्या रिकाम्या बाटलीकडं गेली. टोकनच्या खालच्या कडेला केंद्राचं नाव छापलेलं होतं. बाटलीवर ते उलटं लटकत होतं; नाव सरळ वाचलं तर आकडा नऊ होता.

त्यांनी शेजारच्या ट्रेकडं पाहिलं. तिथं सहा.

"अहो, थांबा! हे उलटं झालंय! माझी चरबी याला गेली! याची मला आली!"

मल्हारी खाटेवर उठून बसला. "काय मनायलेत सायेब? माझी कुठं गेली?"

शिवकन्येनं दोन्ही ट्रे उचलले आणि खाली मान घालून आत गेली. डॉक्टर हरिओम आले, हसले, म्हणाले, "काळजी करू नका. पेशी गरीब-श्रीमंत बघत नाहीत."

गोविंदराव मात्र बघत होते. आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

ही बातमी सोनपेठला त्यांच्या आधी पोचली. कशी, ते देव जाणे. एसटीत मागच्या बाकावर कुणीतरी ओळखीचं असतंच. दारात उतरले तर भुजंगराव हजर.

"झरीकर, गंभीर बाब आहे. पेशीला स्मरणशक्ती असते. तुम्हाला आता माळावर जावंसं वाटंल."

"मूर्खासारखं बोलू नका."

"वाटायलंय का तसं काही? मोकळ्यानं सांगा."

कमलबाईंनी दुसऱ्या दिवशी आंबट चेहऱ्यानं विचारलं, की आता सोवळ्यातलं कसं काय करणार. गल्लीतली पोरं त्यांना पाहून बें करू लागली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गोविंदरावांना पहाटे चारला जाग येऊ लागली. काळजीनं येत होती, पण सांगून कोण ऐकणार? भुजंगरावांनी ती वहीत नोंदवून ठेवली.

आठव्या दिवशी दुपारी मल्हारी दारात उभा राहिला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एसटीचं तिकीट.

"घर कसं सापडलं तुला?" गोविंदरावांनी विचारलं.

"मोटारीतून उतरलो अन् इचारलं, चरबीवाले सायेब कुठं ऱ्हातेत. लगेच दाखिवलं."

गोविंदरावांचा चेहरा पडला. मल्हारी ओसरीच्या पायरीवर टेकला, एक पाय लांब करून.

"सायेब, माझी चरबी मला वापस द्या."

"काय?"

"व्हय. माझ्या अंगात मुळात दोन चमचे. ती बी तुमच्यात गेली. अन् तुमची आली माझ्यात. तवापासून गुडघा उठायचं नाव घीना. बसूनच ऱ्हावं वाटायलंय. बसून बसून वाढलेली चरबी हाय ती, सायेब. मेंढरामागं कशी चालंल?"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. लीलाबाई हसू आवरत होत्या. गोविंदराव संतापले.

"मग माझं काय? तुझी चरबी माझ्यात येऊन मला काय मिळालं? पहाटे चारला उठतोय मी!"

"मंग बराबर हाय. मी चारलाच उठतो." मल्हारीनं शांतपणे मान हलवली. भुजंगरावांनी सांगितलेलं हे असं साक्षीपुराव्यानं सिद्ध झालेलं पाहून गोविंदरावांना घाम फुटला.

लीलाबाई चहा घेऊन आल्या. कप मल्हारीच्या हातात देत त्यांनी विचारलं, "किती मेंढरं आहेत तुमच्याकडं?"

"व्हती, बाई. पंधरा इकली. आता सात ऱ्हायली. तीबी सून राखायलीय."

"विकली? कशाला?"

"इलाजाला." मल्हारीनं कपाकडं पाहिलं. "पालमला शिबिर व्हतं. म्या तर ऐकून घरी निघालो व्हतो. डाक्टर काय, समदेच गोड बोलतेत. पण मंग हे सायेब उठले. मनले, मी सरकारी माणूस हाय, कागद पारखून घेतो, गरिबानं शंका घेऊ नये. मनलं, सरकारी माणूस कामून खोटं बोलंल? दुसऱ्या दिशी बाजारात नेली मेंढरं."

लीलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. टोमणा मारायची ही सोन्यासारखी वेळ होती आणि त्यांनी तो मारला नाही. त्यामुळे गोविंदरावांना जास्त लागलं. त्यांना वाटलं, हिनं काहीतरी बोलावं, डोक्यात चरबी घाला म्हणावं, काहीही म्हणावं. त्या रिकामी कपबशी उचलून आत गेल्या.

गोविंदरावांनी खुंटीवरची पिशवी काढली. "चल. परभणीची गाडी आहे अडीचला."

केंद्रात डॉक्टर हरिओम फार प्रेमानं बोलले. अदलाबदल झालीच असेल तर तो उलट फायदाच, काकांना मेहनती पेशी मिळाल्या आणि मामांना शिकलेल्या. तिसरा डोस घ्या, सवलतीत देतो, त्यात दोघांच्या पेशी आपापल्या घरी परत जातील. मल्हारीला हे क्षणभर पटलं. गोविंदरावांनी चरबीची नोंदवही दाखवा म्हटलं तर डॉक्टरांना फोन आला, आणि तो फोन घेऊन ते मागच्या दारानं निघून गेले.

दोघं पायऱ्या उतरत होते. म्हणजे एकेक पायरी आडवं होऊन, कठडा धरून. तेवढ्यात शिवकन्या मागून धावत आली. तिनं ओढणीनं तोंड झाकलं होतं. समोरच्या चहाच्या टपरीमागं तिनं दोघांना नेलं.

"काका, मामा, भांडू नका तुमी. कुणाचं काय कुणात गेलं न्हाई."

"टोकन मी डोळ्यांनी पाहिलं पोरी."

"टोकन उलटं लागलं आसंल. पण ते यंत्र बंदच हाय, मी आले तवापासून. घरघर येते ती पंख्याची. चरबी मी बादलीत वतते. सुईत मिठाचं पाणी आसतं अन् दुखणं दाबायचं औषध. दोन दिस बरं वाटतं त्याच्यानं." ती रडायला लागली. "दोन महिन्यांचा पगार बी दिला न्हाई त्यांनी. उद्यापासून मी येणार न्हाई. हे घ्या." तिनं पिशवीतून औषधाच्या दुकानाच्या पावत्या आणि रिकाम्या बाटल्यांची लेबलं काढून दिली.

ती गेल्यावर दोघं टपरीच्या बाकावर बसून राहिले. गोविंदरावांना मोठा विचित्र राग आला. आठ दिवस आपण ज्याला विटाळ म्हणून धुसफुसलो, तो झालाच नव्हता. आपल्यात काहीच आलं नव्हतं. ना पेशी, ना मेहनत. पहाटे चारला येणारी जागही आपलीच.

मल्हारी म्हणाला, "म्हंजी तुमची चरबी माझ्यात न्हाई?"

"नाही."

"मंग गुडघा उठंना कामून?"

"झिजलाय म्हणून," गोविंदराव म्हणाले. "माझ्यासारखाच."

आता पुढं केंद्राचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. दोघांनी केलेल्या तक्रारीवर तपासणी व्हायला साडेतीन महिने लागले. पथक गेलं तेव्हा काचेला कुलूप होतं आणि बोर्डावरचं जोडपं एकटंच उड्या मारत होतं. डॉक्टर हरिओम हल्ली दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात टकलावर केस उगवून देतात असं ऐकिवात आहे. नावापुढं आणखी चार अक्षरं लागली आहेत. मल्हारीचे पैसे मात्र परत आले, कारण तक्रारीच्या कागदात त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं ते मोडून काढणं केंद्राच्या वकिलाला जमलं नाही. गोविंदरावांचे आले नाहीत. मल्हारीनं त्यातून मेंढरं घेतली, पण तोवर भाव चढले होते. पंधराची अकराच झाली.

खरी गोष्ट आहे ती तक्रार दाखल झाली त्या दिवसाची.

कार्यालयाचं नाव घेत नाही. सगळी सारखीच असतात. टेबलापलीकडं तिशीतला कारकून होता. गोविंदराव आदल्या दिवशी येऊन गेले होते तेव्हा त्यानं अर्ज तीन प्रतींत नाही म्हणून परत पाठवलं होतं. त्याआधीच्या खेपेला अर्ज विहित नमुन्यात नव्हता. दोन्ही वेळा तो जे बोलला ते अक्षर न् अक्षर गोविंदराव चौतीस वर्षं बोलत आले होते, अगदी "उद्या या"च्या आधीची जांभईसुद्धा. परत फिरलेली माणसं पायऱ्या कशा उतरत असतील, हे त्यांना वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, कठडा धरून कळत होतं.

आज तीन प्रती होत्या, नमुना होता, पावत्या आणि लेबलं टाचणी लावून जोडलेली होती. मल्हारी भिंतीला टेकून उभा होता. कारकुनानं कागद चाळले आणि मोबाइल बाहेर काढला.

"सगळं बराबर आहे साहेब. पण तुमच्या पहिल्या खेपेचं कळल्यावर केंद्रवाल्यांनी आमच्याकडं आधीच खुलासा पाठवून ठेवलाय. त्यात हे जोडलंय." त्यानं मोबाइल वळवला.

पडद्यावर गोविंदराव होते. खांद्यावर शाल, मान किंचित वळलेली. "मी स्वतः सरकारी माणूस आहे," पडद्यावरचे गोविंदराव खणखणीत आवाजात म्हणाले. खोलीतल्या चारही टेबलांवरची डोकी वर झाली. "मला साठ टक्के आराम आहे."

"आता सांगा," कारकून म्हणाला. "तुम्हीच बरं वाटायलंय म्हणता, अन् तुम्हीच फसवलं म्हणता. तपासणी कशी लावायची? तो डॉक्टर म्हणणार, अशिक्षित मेंढपाळाला कुणीतरी भडकावलं. आमचा समाधानी पेशंट हा बघा."

गोविंदरावांनी मल्हारीकडं पाहिलं. मल्हारी मोबाइलकडं पाहत होता. पालमला त्यानं ते भाषण जसं ऐकलं असेल, तसंच, मान वर करून.

"एक कागद द्या," गोविंदराव म्हणाले.

ते बाकावर बसले आणि लिहू लागले. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो लोकांचे जबाब लिहून घेतले होते. स्वतःचा पहिल्यांदा लिहीत होते. अक्षर वळणदार होतं, पण ते मध्येच थांबत होते. एक वाक्य त्यांनी खोडलं. खाडाखोड त्यांना जन्मात चालली नव्हती. त्यांनी दुसरा कागद मागितला.

कारकुनानं जबाब हातात घेतला आणि, सवय असते म्हणून, मोठ्यानं वाचला.

"मी, गोविंद झरीकर, निवृत्त अव्वल कारकून, लिहून देतो की पालम येथील शिबिरात मला साठ टक्के आराम आहे असे मी म्हणालो, ते खोटे होते. त्या वेळी मला काहीही आराम नव्हता. आपण फसलो हे लोकांना कळू नये म्हणून, आणि मान मिळत होता म्हणून, मी तसे बोललो. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून मल्हारी यांनी पंधरा मेंढ्या विकल्या. यात त्यांची काही चूक नाही."

चारही टेबलं ऐकत होती. त्यातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर गोविंदरावांच्याच जुन्या कचेरीतून बदलून आलेला एक माणूस बसला होता. तो फाइलीत तोंड घालून हसला, आणि ते त्यांना दिसलं.

कारकुनाचा आवाज खाली आला. "साहेब, मधली दोन वाक्यं काढून टाका. उगंच तुमची बदनामी कशाला? गैरसमजातून बोललो, असं लिहा. चालून जातंय."

"नाही," गोविंदराव म्हणाले. "गैरसमज नव्हता. आवक नंबर टाका."

कारकुनानं शिक्का मारला, नंबर टाकला आणि जबाबाची झेरॉक्स काढून तीवर पोच दिली. गोविंदरावांनी ती दोनदा वाचली, तारीख बघितली आणि घडी घालून मल्हारीच्या हातात दिली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मल्हारी थांबला. वाचून दाखवलेल्या जबाबातलं कचेरीचं मराठी त्याला सगळं कळलं नव्हतं. त्यानं कागद उलगडून उलटासुलटा करून पाहिला.

"सायेब, काय लिवलंय ह्याच्यात?"

गोविंदरावांनी इकडंतिकडं पाहिलं. व्हरांड्यात माणसं होती. कुणी अर्जाला तिकीट चिकटवत होतं, कुणी नुसतं ताटकळत होतं.

"लिहिलंय, की पालमला मी तुमच्याशी खोटं बोललो."

मल्हारीनं कागदाची घडी घातली, ती बंडीच्या आतल्या खिशात ठेवली, वरून हातानं दाबली आणि काठी टेकवत पायरीकडं वळला.

"मंग बराबर हाय," तो म्हणाला. "चला, मोटार जाईल."